टॅब घ्यायचाय? आधी झेरॉक्सच्या दुकानात जा

टॅब घ्यावा की नाही, याचा निम्मा निकाल पाच-दहा रुपयांत लागतो. टॅबवर जे वाचायचं ठरवलंय त्यातलं एक पान निवडा. बालभारतीच्या पीडीएफचं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचं, सोसायटीच्या अहवालाचं, कुठलंही चालेल. ए-फोर कागदावर त्याची प्रिंट काढा आणि झेरॉक्सवाल्याला म्हणा, "याचं ए-फाइव्ह करून द्या." ७० किंवा ७१ टक्क्यांची सोय बहुतेक मशीनवर तयारच असते. ते लहान झालेलं पान घरी नेऊन, रोज जिथे बसून वाचता तिथेच, दहा मिनिटं वाचून बघा.

हे पान म्हणजेच तुमचा टॅब. ११ इंची पडदा १६ः१० या नेहमीच्या आकाराचा असेल, तर उभा धरल्यावर त्याची रुंदी १४८ मिलिमीटर भरते, आणि ए-फाइव्ह कागदाचीही नेमकी तेवढीच असते. अख्खं पान पडद्यावर बसवलं की अक्षर एवढंच दिसणार. आयपॅडचा पडदा जरा चौकोनाकडे झुकलेला, म्हणून तिथे रुंदी १५७ मिलिमीटरच्या आसपास मिळते. ८.७ इंची छोट्या टॅबसाठी मात्र झेरॉक्स ५४ टक्क्यांवर काढायला सांगा. १२ पॉइंटचं अक्षर त्यात साडेसहा पॉइंटचं होतं. इंग्रजी मजकूर एवढ्यावर कसाबसा निभावतो, पण आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, मात्रा वर आणि उकार खाली असतात. 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसायला लागतात. चाळिशीचा चष्मा असलेल्या माणसाला पीडीएफ वाचण्यासाठी छोटा टॅब घेऊन देऊ नये.

कागद वाचता आला नाही म्हणून लगेच बेत रद्द करायचीही गरज नाही. ए-फोर पानाला दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन सेंटिमीटर समास असतो. समास कापून दाखवणारं पीडीएफ अ‍ॅप वापरलं की १७० मिलिमीटरचा मजकूर १४८ मध्ये बसतो, म्हणजे अक्षर ७० वरून थेट ८७ टक्क्यांवर जातं. टॅब आडवा धरला तर रुंदी २३७ मिलिमीटर मिळते आणि अक्षर मूळ कागदापेक्षाही मोठं दिसतं. फक्त पान दोन-तीन टप्प्यांत सरकवावं लागतं. ई-पब प्रकारच्या ई-पुस्तकांना हा जाच नाही, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने लागतात. स्कॅन केलेलं जुनं पुस्तक हा मात्र पानाचा फोटोच. तो फक्त मोठा करता येतो.

दुसरी चाचणी हाताची. ११ इंची टॅबचं वजन ५०० ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे असतं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. आडवं पडून एका हातात टॅब धरून वाचायचा बेत असेल तर ती पिशवी पंधरा मिनिटं तशीच धरून बघा (आधी ताटलीत ठेवा, गळकी निघाली तर). वर कव्हर चढवलं की आणखी दीड-दोनशे ग्रॅम वाढतात. ८.७ इंची टॅब साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. आडवं पडून कथा-कादंबरी वाचणाऱ्याला तोच बरा.

दोन्ही चाचण्या पास झाल्या, तर आता टॅब काय करणार नाही ते बघा. घरोघरी टॅब कपाटात जाऊन पडतात ते बहुधा इथेच फसगत झाल्यामुळे.

यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून, त्याच उपकरणातून एसएमएस जावा लागतो. नुसत्या वाय-फायच्या टॅबवर ते होत नाही, त्यामुळे पैसे द्यायला फोन लागणारच. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण फोनच्या खात्याला जोडलेलं उपकरण म्हणून. एका फोनला अशी चार उपकरणं जोडता येतात आणि तो फोन १४ दिवस वापरला नाही तर टॅबवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडतं. आईवडिलांना टॅब देऊन त्यांचा जुना फोन ड्रॉवरमध्ये टाकून दिला की दोन आठवड्यांनी "टॅब बिघडला" असा निरोप येतो, तो यामुळे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या वर्ड फायली टॅबवर उघडल्या की चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो फाँट तिथे नसतो. त्याच मजकुराची फाँट आत बसवलेली पीडीएफ नीट दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि कॉपी केलं की पुन्हा खिचडीच. कार्यालयात, छापखान्यात, वकिलाकडे अजून असा ढीगभर मजकूर आहे. तुमचा संबंध त्याच्याशी रोजचा असेल तर लॅपटॉपच घ्या. जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक-टायपिंग परीक्षेच्या सरावासाठीही टॅब उपयोगाचा नाही. थोडंफार मराठी लिहायचं असेल तर मात्र टॅब झकास. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर बोलून, रोमी अक्षरांतून किंवा पडद्यावर बोटाने गिरवून लिहिता येतं.

सिमचा की वाय-फायचा? घरात ब्रॉडबँड असेल आणि टॅब घराबाहेर फारसा पडणार नसेल तर सिमचे जास्तीचे पैसे घालू नका. हॉटस्पॉटवर भागवणार असाल तर हिशेब करा: चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला एक ते तीन जीबी खातो. रोज दीड जीबीचा प्लॅन एका लेक्चरमध्ये संपेल आणि फोनही रिकामा बसेल. शिवाय सिमच्या प्रत्येक टॅबवरून साधा कॉल लागतोच असं नाही. काहींचं सिम फक्त इंटरनेटपुरतं असतं, तेव्हा बॉक्सवर ते वाचून घ्या. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, हेही गाडीत नकाशा लावायचा असेल तर लक्षात असू द्या.

आता आकडे. पडदा १२८० × ८०० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) आणि १०.१ इंची असेल तर इंचाला जेमतेम १५० ठिपके मिळतात. पूर्ण पान दिसत असताना १२ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला मात्रा-उकारासकट सोळाएक ठिपके येतात, त्यात अनुस्वार म्हणजे एक पुसट डाग. १९२० × १२०० च्या ११ इंची पडद्यावर तेच अक्षर २४ ठिपक्यांत रेखलं जातं. हा फरक भिंग न लावता दिसतो. पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यात वाचवा, पडद्यात नको.

रॅम ४ जीबी असेल तर एका वेळी एकच काम, ६ किंवा ८ असेल तर व्याख्यान आणि नोट्स शेजारी-शेजारी चालतात. २०११ साली विद्यार्थ्यांसाठी आलेल्या ७ इंची 'आकाश' टॅबमध्ये २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दाबून चालणारा पडदा होता. स्वस्तात बसवताना कात्री कुठे लागते ते त्यात दिसतं, आणि आजही ती तिथेच लागते. साठवणूक ६४ जीबी लिहिली असली तरी त्यातली बरीच जागा सिस्टीम आणि आधीच भरलेली अ‍ॅप्स घेतात. मेमरी कार्डवर पीडीएफ आणि व्हिडिओ ठेवता येतात, बहुतेक अ‍ॅप्स नाही. म्हणून १२८ घ्यावा.

सिनेमे बघणार असाल तर अँड्रॉइड टॅबची 'वाइडवाइन' (व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची यंत्रणा) पातळी तपासा. ती एल-वन हवी. एल-थ्री असेल तर पडदा कितीही चांगला असो, बहुतेक ओटीटी अ‍ॅप्स ४८० पी च्या वर जात नाहीत. 'डीआरएम इन्फो' हे मोफत अ‍ॅप दुकानातल्या नमुन्यावर घालून मिनिटभरात हे कळतं.

बॅटरीत फसू नका. ८००० एमएएच म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. १० वॉटच्या चार्जरने ती भरायला साडेतीन-चार तास, आणि घरातला जुना ५ वॉटचा चार्जर लावला तर अख्खी रात्र. "हळू चार्ज होतो" ही तक्रार निम्म्या वेळा टॅबची नसून चार्जरची असते. बॉक्समध्ये चार्जर आहे का आणि किती वॉटचा, हे विचारूनच बिल करा.

दुकानात तुमची स्वतःची जड पीडीएफ पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलमध्ये तयार ठेवा. चार पानं भराभर उलटा. पान आधी धूसर दिसून मग स्पष्ट होत असेल तर घरी ते रोज छळणार. 'कर्तृत्व' आणि 'दुर्दैव' टाइप करून रफार बघा. पांढरं पान उघडून टॅब चारी बाजूंनी तिरका करा. पुढचा कॅमेरा लांब कडेला आहे का पाहा. आखूड कडेला असेल तर आडव्या टॅबवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये तुम्ही कायम बाजूला बघताय असं दिसतं. पेनने लिहायचं असेल तर तळहात काचेवर टेकवून लिहा. पेनाला प्रतिसाद देणारा थर पडद्यात मुळातच असावा लागतो. नुसतं रबरी टोकाचं पेन म्हणजे जाड बोट. पडद्याचा सुटा भाव आणि तो गावात मिळतो का, हे दुरुस्तीच्या दुकानात विचारून ठेवा. कमी खपणाऱ्या मॉडेलची काच फुटली की तीन-तीन आठवडे वाट बघावी लागते.

अनोळखी कंपनीचा टॅब असेल तर मागे किंवा बॉक्सवर 'आर' ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक शोधा आणि 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये घालून बघा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर परत ठेवा.

जुना घेत असाल तर सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर बँकेचं अ‍ॅप त्यावर घालू नका. सिमचा असेल तर त्याचा आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) घ्या आणि 'केवायएम' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, पुढे जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याचं गूगल किंवा अ‍ॅपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, टॅब फॅक्टरी रिसेट करा, आणि तुमच्या खात्याने तो पूर्ण सुरू होईपर्यंत तिथून हलू नका. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवा.