शिकागोहून लेक जिनिव्हाला शुक्रवारचा फिश फ्राय खायला जायचंय? मग हे वाचून जा

शिकागो आणि मिलवॉकीकडची आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावाला जातात, पण जातात शनिवारी सकाळी आणि येतात रविवारी, म्हणजे विस्कॉन्सिनची सगळ्यात चांगली संध्याकाळ नेमकी हुकते. शुक्रवारी तिकडे सगळीकडे मासे तळतात, सपर क्लबमध्ये (म्हणजे बार असलेलं, निवांत जेवायचं जुन्या वळणाचं हॉटेल), साध्या बारमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, अगदी बोलिंगच्या ठिकाणी सुद्धा, आणि गावातली माणसं पोराबाळांसकट आजी-आजोबांना घेऊन तिथे येतात. टुरिस्ट लोकांसाठी काढलेला हा प्रकार नाहीये, त्यांच्या घरचाच आहे, म्हणून तो नीट खावा असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं मागचं, कारण ते कळलं की मेन्यू आपोआप कळतो. इथे जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक खूप आले, आणि त्यांच्यात शुक्रवारी मांस वर्ज्य पण मासा चालतो. आपल्याकडे कोणी गुरुवार पाळतं कोणी शनिवार, पण त्या दिवशी मासासुद्धा बंद, त्यामुळे हे ऐकून आपल्या लोकांना जरा गंमत वाटते. मग १९२० ते १९३३ दारूबंदी आली, टॅव्हर्नवाल्यांचा धंदा बसला, तेव्हा गिऱ्हाईक यावं म्हणून त्यांनी स्वस्तात तळलेले मासे द्यायला सुरुवात केली, लेक मिशिगनचा पर्च हा गोड्या पाण्यातला छोटा मासा तेव्हा भरपूर आणि स्वस्त मिळायचा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बिशप लोकांनी वर्षभराच्या शुक्रवारचा नियम सैल केला, लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांतले, शुक्रवार तेवढे ठेवले, पण विस्कॉन्सिनने मासे तळणं काही सोडलं नाही. पर्च मात्र नंतर इतका कमी झाला की १९९६ मध्ये लेक मिशिगनच्या विस्कॉन्सिनच्या बाजूला, ग्रीन बे सोडून, त्याची व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. म्हणून आज बहुतेक प्लेटमध्ये कॉड असतो.

आता मुख्य मुद्दा. तळ्याकाठचं टेबल आणि चांगला मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठे जायचं ते त्यातलं तुम्हाला काय जास्त हवंय यावरून ठरवा. दोन्ही एकत्र मिळतं कधीकधी, पण जुलैच्या शुक्रवारी सहा वाजता दोन्ही मिळेल अशा आशेवर निघालात तर उपाशी पोरं घेऊन दीड तास उभं राहावं लागेल.

पाणी हवं असेल तर दिशा लक्षात ठेवा. तळं पूर्व-पश्चिम लांब आहे. पूर्वेच्या टोकाला लेक जिनिव्हा गाव, पश्चिमेच्या टोकाला फॉन्टाना, आणि उत्तरेच्या खाडीवर विल्यम्स बे. फॉन्टानातल्या चक्स लेकशोअर इनमधून अख्खं तळं सरळ लांबवर दिसतं, सात मैलांचा देखावा म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण तिथे तोंड पूर्वेला येतं, म्हणजे सूर्य मावळतो तो तुमच्या पाठीमागे. पाण्यावरचा सूर्यास्त बघायचा असेल तर लेक जिनिव्हा गावाच्या बाजूला, १९३२ च्या रिव्हिएरा बिल्डिंगच्या आसपास थांबा आणि जेवण आधी किंवा नंतर करा. विल्यम्स बेमध्ये पिअर २९० आहे, एकदम पाण्याला लागून, बोटी तिथेच येऊन लागतात, मुलं असतील तर ही जागा मी पहिली सांगेन कारण वाट बघताना त्यांना हुंदडायला मिळतं.

मला स्वतःला जास्त आवडतात ती जरा आतली ठिकाणं. लेक कोमो म्हणून शेजारीच एक छोटं तळं आहे, त्याच्या दक्षिण काठावर मार्स रिझॉर्ट, नाव रिझॉर्ट पण आहे जुना सपर क्लब, आणि तिथे येणारे बरेचसे लोक आसपासच्याच गावांतले. हायवे ५० वर अँथनीज स्टेकहाऊस आहे, तिथे पाणी नाही दिसत, पार्किंग भरपूर, वातावरण जुन्या वळणाचं. डेलाव्हनकडे गेलात तर तिथल्या तळ्याकाठी आणि गावातल्या छोट्या बारमध्येही शुक्रवारी मासा असतोच. निघायच्या आधी फोन मात्र करा, सीझनप्रमाणे वेळा बदलतात. आणि फोनवर दोनच प्रश्न विचारा, आज कुठला मासा आहे आणि पोटॅटो पॅनकेक आहेत का. पॅनकेक रोजचे ताजे करणारं किचन मासाही सहसा मन लावून तळतं, हा माझा ठोकताळा आहे आणि तो मला कामी येतो.

माशांचं सांगतो. कॉड म्हणजे जाड पांढरा तुकडा, बिअर बॅटरमध्ये बुडवून तळलेला, काटा नाही, चव सौम्य, मुलांना तोच द्या. हॅडॉक साधारण तसाच, जरा गोडसर. लेक पर्च म्हणजे छोटी पातळ फिले, चार-पाच एका प्लेटमध्ये, कॉडपेक्षा महाग, आणि मासा ज्यांना खरंच कळतो त्यांनी हाच घ्यावा, कारण पातळ असल्यामुळे कुरकुरीतपणा आणि माशाची चव दोन्ही एका घासात येतं. बारीक काटा क्वचित सापडतो, आपल्याला त्याचं काय एवढं. वॉलाय हा गोड्या पाण्यातला मोठा मासा, घट्ट आणि गोड, तळण्यापेक्षा पॅनमध्ये परतलेला मिळाला तर सोडू नका. आणि वसंतात कुठे स्मेल्ट दिसले तर डोळे झाकून मागवा, बोटाएवढे मासे अख्खे तळतात, काट्यासकट खायचे, मांदेलीवर वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. मासा याच तळ्यातला असेल असं मात्र समजू नका, हौशी लोकांनी गळाला लावलेला मासा विकायला तिथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कॉड समुद्रातला, आणि वॉलाय बऱ्याचदा कॅनडाकडून आलेला.

प्लेटमध्ये माशाबरोबर कोलस्लॉ, राय ब्रेडचा तुकडा, लिंबू, टार्टर सॉस आणि बटाट्याचा एक प्रकार. इथे फ्राइज घेऊ नका, फ्राइज कुठेही मिळतात. पोटॅटो पॅनकेक घ्या, किसलेला बटाटा, कांदा आणि अंडं घालून तव्यावर खरपूस केलेला, आणि त्याच्याबरोबर ॲपलसॉस येतो तो बाजूला सारू नका, गरम खारट पॅनकेकवर थंड गोड सॉस खूप छान लागतो. मसाला नाही म्हणून पहिल्याच मिनिटाला हॉट सॉस मागवणारे आपले खूप लोक बघितलेत. पहिला तुकडा नुसता खा, दुसऱ्यावर लिंबू पिळा, मग काय हवं ते करा. लाल तिखटाची पुडी खिशात असेल तर पॅनकेकवर भुरभुरवा, माशावर नको, आवरण ताजं असताना त्याची स्वतःची चव असते.

आता खाण्यापिण्याचं पाळणाऱ्यांसाठी, हे कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. बिअर बॅटरमध्ये खरंच बिअर असते, नको असेल तर ब्रेडेड किंवा बेक्ड मागा, बेक्ड कॉड बहुतेक ठिकाणी मिळतो. शुक्रवारचं सूप क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप असतं, त्यात बऱ्याचदा बेकन (डुकराचं मांस) घालतात, जर्मन पोटॅटो सॅलडमध्येही बेकन. बीफ खात नसाल तर तळायला कुठलं तेल वापरता ते विचारा, काही जुन्या किचनमध्ये प्राण्यांच्या चरबीत तळतात, आणि त्याच कढईत चिकनही पडतं. विचारायला लाजू नका, वेट्रेस शांतपणे किचनमध्ये जाऊन विचारून येतात. बरोबर शाकाहारी मंडळी असतील तर चीज कर्ड्स (चीजचे तळलेले छोटे तुकडे) आणि सॅलड बार यावर त्यांचं बऱ्यापैकी भागतं, अंडं चालत असेल तर पॅनकेकची प्लेट सुद्धा, पण कर्ड्स त्याच तेलात तळलेले असू शकतात हे त्यांना आधी सांगा. घरून थोडं काही खाऊन निघालेलं त्यांच्यासाठी बरं.

सपर क्लबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ होतो तो बसण्यावरून. दारात नाव द्यायचं, मग थेट बारवर जायचं, तिथे ड्रिंक घ्यायचं, आणि काही जुन्या ठिकाणी जेवणाची ऑर्डरसुद्धा बारवरच घेतात, टेबल तयार झालं की बोलावतात. आपल्याला ताटकळत ठेवलंय असं वाटून चिडू नका, हा वेळ त्यांच्या जेवणाचाच भाग आहे, शेजारचे आजोबा बोलायला लागतील, बोला त्यांच्याशी, कुठल्या गावात कुठे पर्च चांगला मिळतो ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. ड्रिंक म्हणजे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड, बाकी अमेरिका त्यात व्हिस्की घालते, विस्कॉन्सिन ब्रँडी. स्वीट म्हणालात तर वरून सेव्हन अप, सावर म्हणालात तर आंबटसर सोडा, प्रेस म्हणजे अर्धं सेव्हन अप अर्धा सोडा. मला प्रेस आवडतं, माशाबरोबर गोड जास्त होत नाही. मुलांसाठी किडी कॉकटेल मागा, लाल सरबत आणि चेरी घातलेलं सेव्हन अप, पोरं एकदम खूश. गाडी चालवणाऱ्यानेही हेच घ्यावं.

ऑल यू कॅन ईट असेल तर पहिली प्लेट मोठी येते आणि नंतर दोन-दोन तुकडे मागाल तसे गरम येतात, ते पार्सल करून देत नाहीत, आणि एका प्लेटमध्ये दोघांनी खाल्लेलं चालत नाही. साधी कॉडची प्लेट साधारण १५ ते २५ डॉलरमध्ये होते, पर्च आणि वॉलायला वर. टिप १८ ते २० टक्के धरा. मोठा ग्रुप असेल, म्हणजे मंडळातली तीन-चार कुटुंबं मिळून निघाली असतील, तर आधी फोन केल्याशिवाय अजिबात जाऊ नका, शुक्रवारी बऱ्याच ठिकाणी रिझर्व्हेशन घेत नाहीत आणि बारा माणसांचं टेबल लावायला त्यांना खरंच त्रास होतो.

वेळेचं गणित सोपं आहे, साडेचारला दारात. गावातले म्हातारे लोक तेव्हाच येतात, तेल ताजं असतं, किचनची घाई नसते. ते नाही जमलं तर सरळ आठनंतर जा, पण तेव्हा पर्च संपलेला असू शकतो. शिकागो डाऊनटाऊनपासून साधारण ८० मैल, मिलवॉकीहून ५० च्या आत, तरी शुक्रवारी दुपारनंतर शिकागोहून निघालात तर हायवे १२ वर रिचमंड गावात गाड्यांची रांग लागते, तिथून पुढे राज्याची हद्द ओलांडली की रस्ता मोकळा होतो. व्हर्नन हिल्स, बफेलो ग्रोव्हकडून येणाऱ्यांनी आय-९४ ने वर जाऊन हायवे ५० पकडला तरी चालतं. शक्य असेल तर अर्धा दिवस सुट्टी टाका आणि दुपारी विल्यम्स बेची यर्क्स वेधशाळा बघा, तिकीट आधी काढून ठेवा. १८९७ ची आहे, ४० इंची भिंगाची दुर्बीण, लेन्सच्या दुर्बिणीत जगातली सगळ्यात मोठी, आणि आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ पासून १९६४ पर्यंत याच गावात राहिले. मुलांना ते सांगत सांगत तिथून पिअर २९० ला जाता येतं, गाडीने पाच मिनिटं सुद्धा लागत नाहीत. किंवा तळ्याभोवतीच्या पायवाटेवर थोडं चाला, पूर्ण फेरी २१ मैलांची आहे, तेवढी नको, पण भूक लागेपर्यंत चाला.

ऋतू कुठला निवडावा म्हणाल तर माझं मत सप्टेंबर-ऑक्टोबर. पानं रंगलेली, गर्दी उतरलेली, टेबल मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेंट चालू असतो तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये किंवा लीजनच्या (माजी सैनिकांच्या संघटनेच्या) हॉलमध्ये फिश फ्राय असतो, तो एकदा तरी खाऊन बघा, कागदी प्लेट, लांब टेबलं, वाढणारे गावातलेच लोक, आणि पैसे त्यांच्याच कुठल्यातरी कामाला जातात. कोणत्याही धर्माचा माणूस चालतो, रांगेत उभं राहायचं आणि पैसे द्यायचे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विंटरफेस्ट असतो, बर्फाच्या शिल्पांची राष्ट्रीय स्पर्धा भरते, त्या आठवड्यात मात्र थंडी असूनही गाव तुडुंब भरलेलं असतं.

गोड खायला जागा ठेवा, ग्रासहॉपर म्हणून पुदिन्याच्या चवीचं आइस्क्रीमचं ड्रिंक असतं, त्यात लिकर असते, मुलांसाठी बिनालिकरचं करून देतात. उरलेला तळलेला मासा घरी आणू नका, डब्यात वाफ धरून मऊ पडतो, त्यापेक्षा कमी मागवा. परत निघताना काऊंटी रोडवर गाडी हळू घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात आणि एकामागे दुसरं असतंच, पहिलं गेलं म्हणून लगेच वेग वाढवू नका.