पेंडीतली प्रथिने कोठीपोटातून वाचवायची तर

पेंड वाढवूनही दूध जागचे हलत नाही, तेव्हा मी आधी कोठीपोटाचा, म्हणजे गाई-म्हशींच्या चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटाचा, विचार करते. तिथले जिवाणू प्रथिने फोडून अमोनिया करतात. जास्तीचा अमोनिया यकृतात युरिया होतो आणि लघवीवाटे जातो. चांगले प्रथिन असे वाया गेलेले मला बघवत नाही.

टॅनिन (झाडपाल्यातला तुरट पदार्थ) असलेला अर्क इथे कामाला येतो. कोठीपोटाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ६ ते ७. तिथे टॅनिन प्रथिनाला धरून ठेवते. चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात पकड सुटते आणि प्रथिन पुढे आतड्यात पचते.

अर्क पेंडीत एकजीव मिसळा. पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. चाऱ्यातले टॅनिनही हिशेबात धरा. एकूण प्रमाण कोरड्या खाद्याच्या ५ टक्क्यांवर गेले की तुरटपणाने जनावर खाणे कमी करते, पचनही बिघडते.

आहारात मुळातच प्रथिने कमी असतील तर अर्क देऊच नका, कारण जिवाणूंनाही अमोनिया लागतो. युरिया घातलेल्या खाद्यात तर टॅनिन युरियाला अडवतच नाही. परिणाम पाहायला दुधातल्या युरियाची तपासणी आधी आणि महिन्याने करा.