गिनी पिगला जोडीदार आणताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गिनी पिग घरात येतो तो पोरांच्या हट्टापायी, आणि बहुतेक वेळा एकटाच. "एक बस की, दोन कशाला पायजे?" म्हणून विषय मिटवला जातो. पण हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, कळपाने राहणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 च्या नियमांनुसार तो एकटा पाळताच येत नाही.

एकटा गिनी पिग कोपऱ्यात बसून राहतो, जाळी चावतो, हाक मारली तरी शिट्टी देत नाही. मात्र त्याने खाणंच सोडलं असेल तर जोडीदार शोधत बसू नका. दात, पोट किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता, काहीही असू शकतं. त्याच दिवशी लहान प्राणी हाताळणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

आरसा, कापडी खेळणं याने काही होत नाही. घरातला ससाही नको. त्याच्या एका लाथेने गिनी पिग जायबंदी होतो, शिवाय सशाला न बाधणारे श्वसनाचे जंतू याला भोवतात.

"दोन्ही माद्याच हैत"

खरा घोळ इथे होतो. पिल्लांचं लिंग ओळखताना विकणारेही चुकतात. नर तीन आठवड्यांत वयात येतो, मादी चार-सहा आठवड्यांत. गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा, आणि व्यालेली मादी काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे दोनाचे आठ कधी झाले ते कळतही नाही. आणल्या आणल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन माद्या किंवा खच्ची केलेला नर आणि मादी ही जोडी सोपी. खच्चीकरणानंतरही नराला सहा आठवडे वेगळं ठेवा. दोन नरही नांदतात, फक्त जवळपास मादी नको.

थेट पिंजऱ्यात सोडू नका

नवा प्राणी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, रोग असेल तर तेवढ्यात दिसतो. मग दोघांनाही अनोळखी अशा जागी, हॉलमध्ये जुनी चादर अंथरून, गवताचे दोन ढीग घालून एकत्र सोडा. लपायची खोकी दोन दारांची हवीत. एकच दार असलं की आतला कोंडला जातो आणि भांडण पेटतं.

घुरघुरत कंबर हलवणं, पाठलाग, पाठीवर चढणं हे चालायचंच. त्यांचं वरचढ कोण ते ठरत असतं. दर खेपेला मध्ये पडून वेगळं केलंत तर सगळं पहिल्यापासून. दात वाजवून, केस फुलवून दोघं तोंडासमोर तोंड आणून उभे राहिले तर मात्र सावध व्हा. रक्त निघालं तर लगेच वेगळे करा, पण टॉवेल टाकून, उघड्या हाताने नाही.

जोडीला निदान चार फूट बाय दोन फूट जागा लागते, नरांना त्याहून जास्त. आमच्याकडे जून ते सप्टेंबर अंथरूण वाळतच नाही आणि जोडीचं मूतही दुप्पट. कापडाचे जादा संच हाताशी ठेवा. पिंजरा पडवीत नको, घरातच असू दे.

जोडीतला एक मेला आणि उरलेला म्हातारा असेल तर त्याच्यामागे उड्या मारणारं पिल्लू लावू नका. शांत स्वभावाचा, वयाने मोठा जोडीदार बघा.