कॉर्व्हेटची दुसरी आणि तिसरी पिढी: तुलना कुठून सुरू करावी

शेव्हरोलेट कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स गाडीच्या दुसऱ्या पिढीची (१९६३ ते १९६७) तिसऱ्या पिढीशी (१९६८ ते १९८२) तुलना करताना बहुतेक जण बाह्यरूपावरच अडकतात. फायबरग्लासचे आवरण मनातल्या मनात उतरवून ठेवले, तर दोन्हींचा सांगाडा जवळपास एकच निघतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ९८ इंचांचाच आहे, पोलादी चॅसिस त्याच घडणीची आहे, आणि कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी १९६३ साली आणलेले, एका आडव्या लीफ स्प्रिंगवर (पट्टीच्या स्प्रिंगवर) तोललेले मागचे स्वतंत्र सस्पेन्शनही पुढे चालू राहिले. म्हणून पिढीशी पिढी न जोखता वर्षाशी वर्ष ताडून पाहावे.

ब्रेकचेच पाहा. १९६३ आणि १९६४ च्या गाड्यांना ड्रम ब्रेक आहेत, तर १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. त्यामुळे या बाबतीत १९६७ ची गाडी आपल्याच पिढीतल्या १९६४ च्या गाडीपेक्षा १९६८ च्या गाडीला अधिक जवळची ठरते. १९६३ च्या कूपेची (बंद टपाच्या गाडीची) दुभंगलेली मागची काच त्या एकाच वर्षी मिळाली, आणि संग्राहक तिच्यासाठी चढी किंमत मोजतात. मधल्या पट्टीमुळे मागचे नीट दिसत नाही म्हणून डंटॉव्ह यांना ती नको होती, पण डिझाइनप्रमुख बिल मिचेल हट्टाला पेटले होते. गाडी खरोखर चालवायची असेल, तर डंटॉव्ह यांचेच ऐकावे.

सर्वांत मोठी फसगत अश्वशक्तीच्या आकड्यांत होते. १९७० च्या सर्वांत साध्या, जादा पैसे न मोजता मिळणाऱ्या इंजिनाची नोंद ३०० अश्वशक्तीची आहे, तर १९७२ ची २०० ची. ही सगळी घट खरी नाही. १९७१ साली कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण) उतरवले गेले, तेवढा भाग खरा. पण १९७२ पासून इंजिन सुटे न मोजता एक्झॉस्ट आणि इतर जोडण्यांसह मोजलेला आकडा छापला जाऊ लागला. १९७५ मधील १६५ अश्वशक्ती मात्र, त्याच वर्षी आलेल्या, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह, गाडी चालवताना जाणवते. पुढे आणि मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर हवे असतील तर तिसऱ्या पिढीतल्या १९७२ पर्यंतच्याच गाड्या पाहाव्यात.

विकत घेण्यापूर्वीच्या प्रत्यक्ष पाहणीत आधी गाडीखाली जावे. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालचे पोलाद गंजते. मागच्या चाकाच्या पुढे चॅसिस जिथे वर वळते, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा तपकिरी पापुद्रे गळले, तर बाकीची पाहणी तिथेच थांबवलेली बरी. विंडशील्डभोवतीची पोलादी चौकट दोन्ही पिढ्यांत पट्ट्यांखाली लपलेली असते, म्हणून खालच्या कोपऱ्यांची पट्टी उघडण्याची परवानगी मागावी. मग हेडलाइट उघडायला सांगावे. दुसऱ्या पिढीत ते विजेच्या मोटरवर फिरतात, तिसऱ्या पिढीत व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर, उचलले जातात. इंजिन चालू असताना एक डोळा उघडून दुसरा पेंगत राहिला, तर कुठली तरी रबरी नळी हवा खेचते आहे. हा दोष कटकटीचा आहे, महागडा नव्हे.

शेवटी इंजिन मूळचे आहे का, हे पाहावे. इंजिन ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या सपाट पृष्ठभागावर कोरलेले अंक कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकाशी जुळायला हवेत. हा क्रमांक दुसऱ्या पिढीत ग्लोव्ह बॉक्सखालच्या पट्टीवर, तर तिसऱ्या पिढीत विंडशील्डच्या डाव्या खांबाशी असतो. अंकांखाली कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसतात का, तेही टॉर्च तिरका धरून तपासावे. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल, तर अंक नंतर कोणी तरी ठोकलेले असण्याची शक्यता दाट आहे.