स्वतःबद्दल लिहायचंय? मग चार दिवस, पंधरा मिनिटं आणि एक जुनी वही

पहिलं म्हणजे नवीन डायरी आणायला धावू नका. भारी डायरीत अक्षर नीट काढायचं टेन्शन येतं आणि चौथ्या पानावर ती बंद पडते, माझ्याकडे अशा तीन पडल्यात. पोरांच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं घ्या. मोबाईलवर टाइप केलं तरी चालतं, पण मला विचाराल तर पेनच बरं, हात हळू चालतो तेवढा डोक्याला वेळ मिळतो.

आता पद्धत. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं, काहींना आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल आणि काहींना असंच काहीतरी, म्हणजे खोलीचं वर्णन वगैरे. ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहिलं ती मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. गंमत म्हणजे लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्तच उदास वाटलं होतं, तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

माझंच सांगतो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘संपामुळे आमच्या घरची परिस्थिती बिकट झाली.’ झालं, पुढे काही सुचेना, कारण हे वाक्य माझं नव्हतंच, पेपरातलं होतं. दुसऱ्या दिवशी मग फक्त बाबांच्या डब्याबद्दल लिहिलं. पितळी डबा, संप लागल्यावरही आई तो रोज घासून फळीवर ठेवायची, म्हणजे उद्या लागलाच तर असावा म्हणून, आणि एक दिवस तिने त्यात तूरडाळ भरून ठेवली आणि मला कळलं की बाबा आता कामावर जात नाहीत. हे मला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं!

म्हणून एक वस्तू पकडा. डबा, सायकल, घराची किल्ली, काहीही. आणि बोलता तसं लिहा. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी घरातल्या बोलीतच ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, तिथे आपण कशाला ‘सदर प्रसंगी’ वगैरे करायचं? शुद्धलेखन तर सोडूनच द्या.

तिसऱ्या दिवसापासून ‘कारण’ हा शब्द मुद्दाम वापरा. पेनेबेकरच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले त्यांना फायदा जास्त झाला, तेच ते दळण दळणाऱ्यांना नाही. माझा बाबांवर राग होता, दिवसभर गॅलरीत गप्प बसायचे म्हणून. ‘बाबा बोलत नव्हते कारण’ एवढं लिहून मी दहा मिनिटं बसलो. मग लिहिलं, कारण घरात आई खानावळीचे डबे करायला लागली होती आणि त्या खोलीत त्यांना बसायला जागाच उरली नव्हती. राग गेला असं नाही म्हणणार, पण झोप बरी लागायला लागली.

एक मात्र सांभाळा. एखाद्या विषयाने जीव फारच घाबरा होत असेल तर तो सोडा, दुसरा घ्या. जखम अगदी ताजी असेल तर थोडं थांबा, आणि फारच त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा, वही हा काही त्याला पर्याय नाही.

लिहिलेलं लगेच कुणाला दाखवू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या माणसाला आवडेल असं लिहायला लागाल. मी बऱ्याच महिन्यांनी ताईला डब्याचं पान वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, तूरडाळ नव्हती रे, चवळी होती. ते आता समासात लिहून ठेवलंय.