या चुका टाळा : वीज नसलेल्या रानात, तंबूत दोघांनी राहायला जाताना

त्र्यंबकेश्वरच्या पुढे, वैतरणा जलाशयाच्या बाजूला, सासरच्या शेताच्या माथ्यावर आमचे चार तंबू आहेत. आत लाकडी पलंग, जाड गादी, धुतलेल्या चादरी, बाजूला स्वतंत्र न्हाणीघर आणि समोर डोंगर, एवढी सोय असल्यामुळे हल्लीच्या भाषेत त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. विजेची तार मात्र तिथे आलेली नाही. दिवे आणि पंखे सौर बॅटरीवर चालतात, पाणी विहिरीचे आहे आणि अंघोळीचे पाणी बंबात तापते. लग्नाच्या वाढदिवसाला किंवा लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोन दिवस निवांत घालवावेत म्हणून नाशिकहून, मुंबईहून जोडपी येतात. गेली सहा वर्षे मी त्यांची सरबराई करते आहे, आणि ज्यांची रात्र बिघडते त्यांची ती त्याच चार-पाच चुकांनी बिघडते. प्रत्येक हंगामात तेच सांगून आता मी थकले आहे, म्हणून एकदा सगळे सविस्तर लिहून ठेवते.

अंधार पडल्यावर पोहोचणे

माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शनिवारचे अर्धा दिवसाचे काम आटोपून, घरी जाऊन, बॅग भरून, वाटेत काही खाऊन निघायचे म्हटले की सातपूर ओलांडतानाच सात वाजतात. त्र्यंबकपर्यंतचा रस्ता मोठा आणि सरळ असल्यामुळे तिथवर कोणालाच काही वाटत नाही. अडचण पुढे सुरू होते, कारण डांबर संपल्यावर गाडीवाटेला दिवे नसतात, पाट्या नसतात आणि मोबाइलची रेंज वळणावळणाला जाते.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक तरुण जोडपे आले होते. लग्नाला वर्ष झाले होते. मी फोनवर दोनदा सांगितले होते, की चार वाजेपर्यंत पोहोचा आणि शेवटच्या गावातून मला फोन करा, म्हणजे आमचा माणूस मोटारसायकलवर पुढे येईल. ते साडेसातला निघाले, आणि नकाशाने जवळची वाट दाखवली म्हणून त्यांनी गावातून फोन न करता ती धरली. ती वाट एका शेताच्या बांधावरून जाते. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे त्या वेळी हरभऱ्याला पाणी चालू होते, पाट फुटला होता आणि वाटेवर वीतभर चिखल झाला होता. वरून कोरड्या दिसणाऱ्या त्या काळ्या मातीत गाडीची पुढची दोन्ही चाके रुतली. फोनला रेंज नाही, मुलीच्या पायात उंच टाचेचे सँडल, अंगात पातळ स्वेटर. पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला दिवे दिसले, त्याने ट्रॅक्टर आणला आणि रात्री अकराला ते दोघे आमच्या अंगणात उभे राहिले तेव्हा थंडीने आणि एकमेकांवरच्या रागाने दोघांनाही धड बोलता येत नव्हते.

उजेडात आलेल्या माणसाला न्हाणीघर कुठे आहे, तंबूचा दोर कुठून कुठे ताणला आहे, विहीर किती दूर आहे, हे पाच मिनिटांत नजरेत बसते. अंधारात आलेला माणूस रात्रभर अनोळखी जागेत चाचपडतो आणि त्या चाचपडण्यातून पुढच्या चुका करतो. माझी सवय अशी आहे, की मी कुठेही मुक्कामाला जाताना सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचते, आणि ते जमणार नसेल तर शहरातच झोपून पहाटे निघते. एक संध्याकाळ कमी मिळाली तरी चालते. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवते, आणि यजमानाने सांगितलेली वाट व नकाशाची वाट वेगळी निघाली तर यजमानाचे ऐकते. दहा मिनिटे वाचवणारी वाट रानात मला कधीच खरी वाटलेली नाही.

शेगडी किंवा निखारे तंबूत नेणे

ही चूक मी कोणालाही करू देत नाही, आणि तरीही ती माझ्याच अंगणात झाली. त्याच रात्री जेवण झाल्यावर त्या मुलाने विचारले, “काकू, आत ठेवायला शेगडी मिळेल का? हिला फार थंडी वाजतेय.” मी नाही म्हणाले, कारण सांगितले आणि दोन जास्तीच्या रजया दिल्या. त्याला माझे कारण पटले नसावे. आम्ही झोपायला गेल्यावर त्याने शेकोटीतले निखारे लोखंडी घमेल्यात भरले, घमेले पलंगाच्या पायथ्याशी ठेवले आणि वारा येऊ नये म्हणून तंबूच्या सगळ्या चेन लावून घेतल्या. धूर येत नव्हता, म्हणून धोका नाही असे त्याला वाटले.

धोका नेमका तिथेच असतो. ज्वाळा विझून कोळसा लालसर धगधगत राहतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळते, चक्कर येते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास ती मुलगी ओकारी आली म्हणून बाहेर आली आणि पायरीवरच बसली. तिच्या आवाजाने आमचा कुत्रा भुंकला, म्हणून माझ्या सासूबाई उठल्या. त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला, घमेले पाहिले आणि दोन्ही बाजूंचे पडदे वर फेकून आम्हाला हाका मारल्या. मुलगा हाक मारूनही डोळे उघडत नव्हता. मी आणि माझ्या यजमानांनी त्याला गादीसकट ओढत मोकळ्यावर आणले. आमच्याकडे रेंज फक्त उंबराखालच्या खडकावर येते. तिथे धावत जाऊन १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो शुद्धीवर आला होता, पण त्याला उभे राहता येत नव्हते. दवाखान्यात दोघांनाही प्राणवायू लावला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडले.

सासूबाई त्या सकाळी जे म्हणाल्या ते मी आता प्रत्येक जोडप्याला सांगते : “बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायचो तेव्हासुद्धा आम्ही दार कधी लावत नव्हतो.” मी आता रात्री शेकोटी विझवल्याशिवाय झोपत नाही. राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतते, मगच दिवा मालवते. पाहुण्यांना ते जरा अपमानास्पद वाटते, याची मला कल्पना आहे.

थंडीवरचा माझा उपाय साधा आहे. पलंगावर झोपले तरी थंडी खालून येते, म्हणून पांघरुणे वाढवण्याआधी गादीवर एक घोंगडी अंथरावी. स्टीलच्या लिटरभर बाटलीत कडकडीत पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती लोकरीच्या मोज्यात घालावी आणि झोपण्याआधी पंधरा मिनिटे पायथ्याशी ठेवावी. ती पहाटेपर्यंत कोमट राहते. कानटोपी घालावी. उपाशी किंवा नुसत्या सॅलडवर झोपू नये, बाजरीची भाकरी आणि पिठले खाऊन झोपलेल्या माणसाला कमी थंडी वाजते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. नाशिकची वाइन सोबत आणणाऱ्यांना एवढेच सांगते, की दारूने ऊब आल्यासारखी वाटते ती त्वचेकडचे रक्त वाढल्यामुळे, आणि त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. आपल्या जिल्ह्यात निफाडला पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. नाशिकची थंडी मुंबईच्या स्वेटरने भागत नाही.

सगळ्या चेन लावून तंबू गच्च बंद करणे

शेगडी नसली तरी ही चूक आहेच. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभर बाहेर पडणारी वाफ थंड कापडाला लागली की तिचे पाणी होते. पहाटे छताच्या शिवणीवर थेंबांची रांग तयार होते, मग त्यातला एखादा थेंब कपाळावर पडतो आणि तंबू गळतो अशी तक्रार येते. तंबू गळत नसतो. समोरासमोरच्या दोन जाळ्या वरच्या बाजूने चार बोटे उघड्या ठेवाव्यात आणि ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत.

घरची उपकरणे सौर विजेवर चालवणे

“फक्त पाच मिनिटे लावते,” असे म्हणून हेअर ड्रायर लावला जातो आणि चारही तंबू अंधारात जातात. आमचा इन्व्हर्टर ८५० व्हीएचा आहे, म्हणजे तो जेमतेम सातशे वॉटचा भार उचलतो. ड्रायर किंवा विजेची किटली बाराशे ते दीड हजार वॉट मागते. पाच मिनिटे असोत की पाच सेकंद, तो बंद पडणारच. त्यापलीकडे बॅटरीचा हिशेब आहे. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत मिळून ३,६०० वॉट-तास साठतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य घटते, म्हणून वापरायला १,८०० आणि प्रत्येक तंबूच्या वाट्याला ४५० येतात. पाच वॉटचे दोन दिवे सहा तास लावले तर साठ संपतात. अठ्ठावीस वॉटचा पंखा आठ तास चालला तर सव्वादोनशेच्या आसपास जातात. दोन फोन चार्ज व्हायला चाळीसएक पुरतात. एवढे सगळे आरामात बसते, फक्त त्यात उष्णता निर्माण करणारे एकही यंत्र बसत नाही. मोठ्या बॅटऱ्या का घेत नाही, असे मला अनेकजण विचारतात. जिथे बंबातले पाणी वीस मिनिटांत तापते आणि चुलीवर चहा होतो, तिथे मला त्याची गरज वाटत नाही. थोडी वाट पाहता येत नसेल तर त्र्यंबक रस्त्यावर उत्तम हॉटेले आहेत.

बुकिंग करताना “वीज आहे का?” असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी “आहे” असेच येते. इन्व्हर्टर किती वॉटचा आहे, ढगाळ दिवशी काय करता, गरम पाणी कशावर तापते आणि माणशी किती बादल्या मिळतात, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे ज्याला पटकन देता येत नाहीत, त्याच्याकडे मी स्वतः मुक्काम करणार नाही.

जोडीदाराला न सांगता आणणे

आश्चर्याचा धक्का जागेचा द्यावा, परिस्थितीचा देऊ नये. वीज मोजकी आहे, न्हाणीघर तंबूपासून पंधरा पावलांवर आहे, रात्री झिंगूर आणि बेडूक ओरडतात, एवढे तरी आधी सांगावे. एका बाईंना पालीची विलक्षण भीती होती आणि नवऱ्याला ते ठाऊक असूनही त्यांनी काही विचारले नाही; त्या रात्रभर गाडीत बसून राहिल्या.

एका ओळीच्या चुका

तंबूत मेणबत्त्या लावू नका, सजावटीला बॅटरीवरचे दिवे पुरतात. उडते कंदील आणूच नका, फेब्रुवारीपासून डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागतो. उरलेले अन्न आणि हाडे तंबूबाहेर ठेवू नका. या जिल्ह्यात बिबट्या गावाच्या कडेने फिरतो आणि अन्नावर येणाऱ्या कुत्र्यांच्या मागे येतो. रात्री न्हाणीघराकडे जाताना बॅटरी घेऊन, बोलत, दोघांनी जावे. जलाशयात पोहायला उतरू नका, काठावरचा गाळ वरून घट्ट दिसतो. रोख पैसे आणा, रेंज नसली की क्यूआर कोड उपयोगाचा नाही. स्पीकर घरी ठेवा. जेवण आदल्या दिवशी सांगा, नागलीची भाकरी हवी असेल तर पीठ दळून आणावे लागते. पावसाळ्यात यायचे असेल तर ओढ्यालगतचा तंबू कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका; त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरावरचा पाऊस तासाभरात ओढ्याला कमरेइतके पाणी आणतो.

शनिवार पाहून तारीख ठरवणे

ही चूक कोणी चूक मानतच नाही, पण मला तिचे फार वाईट वाटते. चांदण्या पाहायच्या म्हणून लोक येतात आणि नेमके पौर्णिमेच्या आसपास येतात. पूर्ण चंद्राच्या उजेडात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. कॅलेंडरमध्ये तिथी पाहावी आणि अमावास्येच्या दोन-तीन दिवस पुढेमागे यावे. डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्र, व्याध आणि कृत्तिका रात्री आठ-नऊपासूनच डोक्यावर येऊ लागतात; आकाशगंगेचा दाट भाग पाहायचा असेल तर मार्च-एप्रिलच्या पहाटे उठावे लागते. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, जोराचा पाऊस लागायच्या आधीचे दिवस धरावेत आणि त्या झाडांखाली बॅटरी किंवा फोनचा फ्लॅश मुळीच लावू नये, कारण नर आणि मादी एकमेकांना उजेडाच्या लुकलुकण्यानेच शोधतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. मी पाहुण्यांच्या बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधून देते आणि फोन उशीखाली ठेवायला सांगते. मधेच एकदा जरी स्क्रीन पाहिली तरी तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.