पाळणाघर-बालवाडीसाठी मावशी आणि ताई कशा निवडाव्यात

पाळणाघर सुरू करताना जागा, रंग, खेळणी, कॅमेरे यांत महिने जातात, आणि माणसं मात्र शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीने नेमली जातात. "आमच्या धुणंवाल्या मावशींची भाची आहे, चांगली आहे" एवढ्यावर दहा मुलं तिच्या हवाली होतात. ओळखीतून उमेदवार जरूर मिळवा, पण निर्णय ओळखीवर घेऊ नका. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

आधी माणसांचा हिशोब

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2016 मध्ये खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी व्यक्ती असं प्रमाण आहे. हे कमीत कमी समजा. रांगणारी, नुकती चालायला लागलेली बाळं असतील तर एका मावशीकडे तीन-चारांच्या वर देऊ नयेत. एकाचं डायपर बदलताना उरलेल्यांवर नजर राहायला हवी.

मग वेळ मोजा. पाळणाघर सकाळी 8 ते संध्याकाळी 7 चालत असेल तर ते 11 तास होतात; एका बाईकडून ते करवून घेणं अन्याय आहे आणि मुलांसाठी धोक्याचंही. मुलांजवळ कोणत्याही वेळी दोन मोठी माणसं हवीतच. म्हणजे दोघी 8 ते 4 आणि दोघी 11 ते 7 अशी पाळी लावा. जेवण आणि दुपारची झोप या सगळ्यात धावपळीच्या वेळी चौघी हजर राहतात. शिवाय गणपतीला, मे महिन्यात गावी जाणाऱ्यांसाठी बदलीची एक बाई आधीच हेरून ठेवा.

जूनमध्ये मुलं येणार असतील तर शोध फेब्रुवारीतच सुरू करा. मे महिन्यात घाईने नेमलेल्या माणसाची पडताळणी हमखास राहून जाते.

जाहिरात आणि अर्ज

जाहिरातीत पगार, वेळ आणि सुट्ट्या स्पष्ट लिहा. "पगार योग्यतेनुसार" वाचून चांगल्या बाया फोनच करत नाहीत. मॉन्टेसरी आणि बालशिक्षणाचे वर्ग, महिला बचत गट, निवृत्त अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, आसपासच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट इथे चौकशी करा. चालत येता येईल अशा अंतरावरची व्यक्ती मिळाली तर सोनंच. जुलैच्या पावसात लोकल बंद पडते, पण पाळणाघर बंद ठेवता येत नाही.

ताईसाठी बारावी आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा ही अपेक्षा रास्त आहे. मावशींच्या बाबतीत शाळेपेक्षा हात आणि स्वभाव पाहावा, पण लिहिता-वाचता यायलाच हवं. औषधाच्या बाटलीवरचं नाव आणि "शेंगदाणे देऊ नयेत" ही चिठ्ठी त्यांनाच वाचायची असते.

मुलाखतीत काय विचारावं

"तुम्हाला मुलं आवडतात का?" हा प्रश्न फुकट जातो. प्रसंग सांगा आणि ऐका. दोन वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या हाताला चावला, तर तुम्ही पहिलं काय कराल? जो कळवळतोय त्याच्याकडे आधी जाणारी बाई मला पटते. चावणाऱ्यालाही चावून दाखवायचं, असं सांगणाऱ्या अजून भेटतात, तिथेच थांबा.

दुसरा प्रसंग: संध्याकाळी आजोबा न्यायला आले, मूल "आबा!" म्हणून धावलं, पण त्यांचं नाव यादीत नाही. "पाठवून देईन, मूल ओळखतं ना" हे उत्तर चालणार नाही. आजोबांना बसवून, पाणी देऊन, आई-वडिलांना फोन लावणारी व्यक्ती हवी. आणि तिसरं, जुन्या नोकरीत कोणत्या मुलाने सगळ्यात जास्त दमवलं ते विचारा. त्या मुलाबद्दल ती कोणत्या सुरात बोलते, तेवढ्यावर बरंच कळतं.

अर्धा दिवस मुलांसोबत

मुलाखतीत गोड बोलता येतं. म्हणून पसंत पडलेल्या दोघी-तिघींना अर्ध्या दिवसासाठी बोलवा, त्या दिवसाचे पैसे द्या, आणि क्षणभरही मुलांसोबत एकटं सोडू नका.

जेवणाची वेळ निवडा. वरणभात भरवताना पहिला घास गिळून होईपर्यंत चमचा थांबतो, की तोंड भरलेलं असतानाच दुसरा पुढे येतो? मूल मान फिरवतं तेव्हा ती काय करते? "खा, नाहीतर बागुलबुवा येईल" हे तोंडून निघालं, तर ती सवय आहे. कपडे बदलताना सगळं सामान आधी हाताशी घेते का, बाळाच्या अंगावर एक हात कायम आहे का, आणि नंतर साबणाने हात धुते का, हेही बघा. नव्या माणसाला पाहून रडणाऱ्या मुलाला ती लगेच उचलायला धावते, की शेजारी जमिनीवर बसून आधी त्याला सवय होऊ देते? मला दुसरी आवडते. आणि मुलं झोपली की मोबाइल बाहेर येतो का? त्याच वेळी बाळाचा श्वास आणि पांघरूण यांकडे लक्ष हवं असतं.

मुलं कुणाकडे सरकतात हेही बघा, पण एका दिवसात त्यावर फार विसंबू नका. शांत बाईकडे मुलं उशिरा जातात आणि मग सोडत नाहीत.

पडताळणी, कुणालाही सूट न देता

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळा, पाळणाघरं आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या इतर संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी, सगळेच त्यात येतात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. म्हणून रिक्षावाले काका, झाडूपोछा करणारे आणि आठवड्यातून एकदा येणारे नृत्याचे सर यांचीही पडताळणी करा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन करता येतो. कॅमेरे लावाच, पण 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरातल्या तान्ह्या मुलीची मारहाणही कॅमेऱ्यात दिसली होती. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, घडू नये याची सोय निवडीतच करावी लागते.

आधीच्या ठिकाणी स्वतः फोन करा, जमलं तर जाऊनच या, कारण दिलेला नंबर मैत्रिणीचाही असू शकतो. "कशी होती?" यावर "चांगली होती" एवढंच ऐकू येतं. "उद्या परत आली तर ठेवाल का?" असं विचारा आणि उत्तराआधी समोरची व्यक्ती किती थांबते ते ऐका.

आधार आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रती घ्या, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी त्यात असावी, खर्च तुमचा.

नेमणूक आणि पहिले तीन महिने

नेमणूकपत्र मराठीत द्या: काम, वेळ, पगाराची तारीख, सुट्ट्या, सोडण्याआधीची मुदत. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढणं चालणार नाही, हे त्यातच लिहा. पगार किमान वेतनाखाली नको. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते.

पहिले दोन आठवडे तिला अनुभवी मावशीच्या जोडीला ठेवा. प्रथमोपचार प्रत्यक्ष करून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, हे बाहुलीवर हाताने केलेलंच लक्षात राहतं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा.

माणसं टिकण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती सोय म्हणजे तिचं स्वतःचं लहान मूल त्याच पाळणाघरात फुकट ठेवू देणं, शक्यतो दुसऱ्या गटात. अशा बाया वर्षानुवर्षं राहतात. दर दोन महिन्यांनी नवी मावशी आली की लहान मुलं पुन्हा रडायला लागतात, झोप मोडते, जेवण सुटतं. आई-वडील ते घरी बघतात आणि जागा बदलतात. निवड न झालेल्या पण आवडलेल्या उमेदवारांचे नंबर जपून ठेवा आणि नकारही फोन करून कळवा. गणपतीतली बदली बहुतेक वेळा त्यांच्यातूनच मिळते.